शेऱ्याचा रकाना

गेल्या साली नोंदवहीत मी लिहिलं होतं:
सुतार, सोनपाठी, नग अकरा.
नग, म्हणजे सागाचे लठ्ठे मोजावेत तसे.
खाली सही, तारीख,
बीट चिखलझरी.

यंदा सोबतीला फागूजी सयाम, वाचर.
उजव्या डोळ्यात पडदा उतरलेला,
डाव्याचंही फारसं खरं नाही.
मोहाखाली टोपल्या घेऊन बसलेल्या बाया विचारतात,
"बाबाजी, बाईले कुठी नेऊन राहिले?"
"पाखरं मोजाले."
त्या हसतात. फुलं वेचत राहतात.

ऐनाच्या खोडावर ठक्. ठक्‌ठक्.
साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली
आणि तिच्यावरून सोन्याचा एक तुकडा
झटक्याझटक्यानं वर चढत गेला.
मी पेन काढलं.
"थो नाही जी थो," फागूजी म्हणाला.

कोण नाही कोण?
पाठ सोन्याची, तुरा लाल, चोच पहारीसारखी,
शेपूट खोडाला टेकवून बसायची तीच बैठक.
"पाठ तं दोघाइची सोन्याची हाये.
मान पाह्यना."

मी एका बाजूनं गेले, तो खोडाच्या दुसऱ्या बाजूला.
मी दुसऱ्या, तो पहिल्या.
तीन फेऱ्या झाल्या ऐनाला,
हातात सूत तेवढं नव्हतं.

मानेमागं काळं असेल तर तो नेहमीचा,
गावाजवळचा, आमराईतला,
क्वार्टरमागच्या विजेच्या खांबालाही चोच लावून बघणारा.
पांढरं असेल,
आणि ते पांढरं दोन काळ्या खांद्यांमधून
निमुळतं होत पाठीवर उतरलं असेल,
जात्यातून पीठ सांडावं तसं,
तर तो दुसरा. उघड्या रानातला. कमी दिसणारा.
गळाही पाहायचा: पहिल्याचा काळा, चुना शिंतोडलेला,
दुसऱ्याचा पांढरा, त्यावर बारीक काळ्या रेघा.
आणि दुसऱ्याची मादी असेल तर
तुरा लाल नाहीच,
सगळं डोकं हळदीत बुडवलेलं.

फागूजीला आता यातलं काही दिसत नाही.
तो म्हणतो, "पयला उडताना हासते.
दुसरा डब्बा वाजवते, पत्र्याचा,
आत चार खडे."

आमच्या रेंजमध्ये शहारे दोघी.
दोघी वनरक्षक, दोघींची खाकी, दोघींच्या सायकली निळ्या.
माझा प्रवासभत्ता दोनदा तिच्या खात्यात गेला,
तिची कारणे दाखवा नोटीस एकदा माझ्याकडे आली
आणि मी ती पूर्ण वाचली,
मग पाकीट पुन्हा चिकटवलं.
बाबू म्हणाला, मागून कळतच नाही हो मॅडम.

रात्री क्वार्टरवर लाइट गेली तेव्हा
ते अकरा परत आले.
टेंभुर्णीवरचा. तो उडताना हसला होता का?
नाल्यापलीकडचे दोघे.
वाळल्या सालईवरचा, ज्याला बघून मी नाश्त्याचा डबा उघडला,
कारण लगेच ओळखला होता.
मी एकाचीही मान पाहिली नव्हती.
पाठीवरच भागवलं होतं.

सकाळी सातव्या कंपार्टमेंटमध्ये
हळदीच्या डोक्याची एक दिसली, अगदी समोर,
धावड्याच्या मेलेल्या फांदीवर,
आणि मी पेन काढायलाच विसरले.

यंदाचा तक्ता असा:
सोनपाठी, चार.
पांढऱ्या मानेचा, एक, मादी.
आणि शेऱ्याच्या रकान्यात:
आणखी दोन. दिसले. ओळखता आले नाहीत.

"का लिवलं, वाचा ना जी," फागूजी म्हणाला.
वाचलं.
त्यानं मोहाचं एक फूल तोंडात टाकलं,
बराच वेळ चघळत राहिला.
"थ्या दोघाइत एक थोच होता.
मी आयकला.
पर तुमी नाही पायला,
तं नोका लिवू."