आडवी रेघ

मृदाशास्त्र, दुसरं वर्ष, दुसरं सत्र.
माझ्या नावापुढे एक आडवी रेघ.
पास नाही, नापास नाही.
पेपर दिलाच नाही म्हणावं
तर मधल्या बोटाला अजून पेनाचा घट्टा.

अतिम. आमच्या बोलीत, घरापासून दूर जन्मलेली.
नावच तसं. यादीबाहेर राहायची
सवय असायला हवी होती.

"गुरुवारी ये," नालवोगा बाई म्हणतात.
कंपालाच्या या टेकडीवर
गुरुवार फार आहेत.

खोलीत आम्ही चौघी, पलंग दोन.
केम्बाबाझी झोपेतही कायद्याची कलमं पुटपुटते.
खाली गादी टाकणाऱ्या दोघींची नावं
वसतिगृहाच्या वहीत नाहीत,
चहातली साखर मात्र त्यांचीच.
वीज गेली की आम्ही जिन्यात,
पहारेकऱ्याच्या विजेरीच्या आशेवर;
तो वळला की वाक्य अर्धं.
मग गेटापाशी रोलेक्स.
घड्याळ नव्हे, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट,
पण वेळ बरोबर दाखवतं:
पैसे आले की दोन अंड्यांचं,
महिनाअखेर एकाचं,
त्यानंतर नुसता वास.

परीक्षा विभागाच्या छपरावर माराबू करकोचे,
टकले, गळ्याखाली पिशवी लोंबणारे,
बाहेरून आलेल्या परीक्षकांसारखे उभे.
कुणाचं काय कुजलंय, ते त्यांना आधी कळतं.

सहाव्या गुरुवारी बाईंनी चष्मा काढला.
"एवढं काय लिहिलं होतंस गं त्या पेपरात?"
आणि मी सुटलेच.
मागे रांगेत अकरा जण.
प्रश्न चौथा, भाग ब:
वारुळाची माती शेतात का पसरावी.
लिराला माझा मामा पसरायचा, कारण न विचारता;
मी कारणं लिहिली होती, सात,
आकृतीसकट, शेवटची पुरवणी संपेपर्यंत.

बाई ऐकतायत की नाही, कळेना.
मग फाइल तोंडाशी धरून, हळूच:
"माझ्या केळींची खालची पानं पिवळी पडतात.
कडेकडेनं. का?"

पुढच्या गुरुवारी
पावाच्या पिशवीतून त्यांनी मूठभर माती काढली,
शिक्क्यांच्या डब्याशेजारी ठेवली.
मी बाटलीतलं पाणी शिंपडलं, मळली,
अंगठ्यानं पुढे पुढे सारत फीत काढली.
तुटली तेव्हा त्यांच्याच पट्टीनं मोजली:
चार सेंटिमीटर.
"वाळू आहे, चिकणही आहे.
पालाश कमी पडत असेल.
चुलीची राख घाला, बुंध्यापासून हातभर लांब."

रांगेतला एक जण म्हणाला, "आमचं काय?"

बाईंनी सगळं लिहून घेतलं,
हाताशी सापडला त्या कागदावर,
घडी घालून पर्समध्ये ठेवला.
जिना उतरताना लक्षात आलं,
तो माझा अर्ज होता.

नखांत त्यांच्या बागेची माती.
नवा अर्ज लिहायला बसले.
विषयापुढे दोन टिंबं दिली,
आणि केळी आठवत राहिल्या.