कोटवाल्याचा पिच्चर

एप्रिलात जिनिंग बंद पडली की
घाटंजीच्या मैदानात तंबू टॉकीज लागायची.
सरकीचा वास जायचा नाही, त्यातच बसायचं.
त्या वर्षी एक पिच्चर आला. नाव डब्यावर होतं,
इंग्रजीत, निम्मं खरवडलेलं.
आम्ही म्हणायचो, कोटवाल्याचा पिच्चर.

काळा माणूस. आमच्या मारोत कुमरेपेक्षा काळा.
गुडघ्याखाली येणारा चामड्याचा कोट
आणि डोक्यावर केसांचा असा टोप
की न्हाव्याचा धंदाच बुडावा.
त्याच्या शहरात रस्त्यातून वाफ निघायची.
"खाली बॉयलर असन," मारोत म्हणाला.
त्याचा बाप जिनिंगच्या बॉयलरवर होता.

भाषा कोणालाच येत नव्हती.
तिकिटं फाडणारे हबीबभाई भोंग्यावरून सांगायचे,
"आता हा याले सोडत नाही, पाह्यजा."
आणि तो सोडायचा नाही.

काल नातवाने शोधून दिला. मी धून गुणगुणलो,
मोबाइलने तीनदा भलतंच काढलं,
चौथ्यांदा कोट दिसला.
पंचेचाळीस वर्षांनी, छपरीत, खाटेवर.

हेच पाहिलं होतं आपण?
रक्त म्हणजे पाण्यात कालवलेलं कुंकू.
मुडदा पापण्या मिटमिटवतो.
दरीत पडणारी गाडी दुसऱ्याच रंगाची.
बाया येतात, कपडे काढतात, थापड खातात, जातात,
एकीलाही नाव नाही.
आम्ही तिथेही शिट्ट्या मारल्या होत्या.
मी आवाज कमी केला.
आत सून भाकरी टाकत होती.

एका ठिकाणी मात्र बोट थांबलं.
कोटवाला ठाण्यात जातो, गोऱ्या साहेबासमोर
खुर्ची ओढतो,
विचारत नाही,
बसतो.
एवढंच. बंदूक नाही, काही नाही.
तेव्हा तंबूत आमच्या बाजूला, जमिनीवर,
एकही शिट्टी वाजली नव्हती.
मारोतने फक्त मांडी मोडून
एक पाय दुसऱ्यावर टाकून पाहिला होता.
मातीत बसून ते नीट जमत नाही.

आणि ते संगीत.
त्याचा एक केस पिकला नाही.
खालून चालत येणारा तो बेस,
अंधारात मागून कोणी यावं
आणि भीती वाटू नये, तसा.
बँडमास्तर रूपचंद गोंडाणे चारही रात्री
तंबूच्या मागे, बिनतिकीट, कनातीला कान लावून उभा.
पिच्चर त्याने पाहिलाच नाही कधी.
बेस इफोनियमवर बसवला, वरचं क्लॅरिनेटवर,
साइडड्रम माझ्या गळ्यात.
तीस वर्षं वराती त्यावर निघाल्या,
पारव्यापासून पांढरकवड्यापर्यंत.
लोक विचारायचे, कोणत्या सिनेमातलं हो?
रूपचंद म्हणायचा, "येनार हाय अजून."

चौथ्या फेरीला आमच्या चालीत एक उडी होती.
ताल मधेच गिळला जायचा,
पुढच्या पायावर धपकन पडायचा.
नाचणारे तिथे एकदम हवेत.
नवरदेवाचा घोडासुद्धा ती जागा ओळखायचा.

काल ऐकलं. उडी नाहीच.
तिथे चार मात्रा आहेत, पूर्ण,
एक बासरी, कसलीही घाई नसलेली.
आमच्याकडे फिल्म तिथे तुटली होती,
हबीबभाईंनी चिकटवलेली.

तसाच मोबाइल घेऊन रूपचंदकडे गेलो.
डोळे गेलेत त्याचे. बोटं चालतात, चादरीवर.
लावलं.
पहिली फेरी बरोबर, दुसरी, तिसरी,
चौथीला बोटं उडाली
आणि एकटीच पुढे जाऊन पडली.
तो थांबला. कपाळाला आठी.
"पुन्हा लाव."
लावलं.
"हे मधातलं," तो म्हणाला, "कोनं घुसवलं बे?"