दोघे म्हणजे सभा

मोंटानाच्या पूर्व टोकाला आमचं गाव,
त्याच्या परिषदेत तीनच सभासद.
तिघांतले दोघे म्हणजे गणपूर्ती,
गणपूर्ती म्हणजे सभा,
मग ती कुठेही भरो:
पेट्रोल पंपावर, न्हाव्याच्या दुकानात,
किंवा गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून
गळ टाकून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांमध्ये.

ऑरिन टोलेफसन आणि डेलमर स्ट्राउड
एकोणचाळीस हिवाळे त्या तळ्यावर गेले.
डेलमर निवडून आला त्या मंगळवारी
ऑरिननं आपला गळ गुंडाळून ठेवला.
मी म्हटलं, अरे, मासे चालतील,
हवा चालेल, गुडघे चालतील,
फक्त टाकी नको, रस्ता नको, कर नको.
तो म्हणाला, "हेस्टर, या गावात
गुडघ्यावरून रस्त्यावर यायला
कितीसा वेळ लागतो?"

मी इथली कारकून.
बावीस वर्षं काचेच्या फळ्यावर नोटीस लावते,
अठ्ठेचाळीस तास आधी,
चार टाचण्या, आणि वाऱ्यासाठी पाचवी.
भिंतींना कान असतात म्हणून लोक दबकून बोलतात;
आमच्या भिंतींना ते कायद्यानंच दिलेत.
पण ऐकायला येतं कोण?
मागच्या रांगेत एकटी विल्मा क्रोझर,
मांडीवर विणकाम.
तिच्या एकटीसाठी दार उघडं, हीटर चालू,
तिच्यासाठी तिघे जण घसा खाकरून
मोठ्यानं भांडतात,
आणि लायल, जो एरवी पेंगतो, तोही जागा.

कधी कधी मलाही वाटतं, कशाला हा खटाटोप.
मग जुन्या वह्या काढते.
"चर्चा झाली. ठराव मंजूर."
चर्चा कुणाच्या स्वयंपाकघरात झाली,
कितव्या कपाला, ते नाही.
पूर्वेच्या गल्लीला अकरा वर्षं नळ नव्हता.
का नव्हता, ते कुठल्याच पानावर नाही.
विल्मा त्या गल्लीत वाढली.
बादलीच्या कडीचा वळ
अजून आहे म्हणते तळहातावर.
मला कधी दिसला नाही. मी मान डोलावते.

फेब्रुवारीत डेलमरची मार्लिस गेली.
मी टाइप केलं:
"शनिवारी अकरा वाजता, लुथरन चर्चमध्ये
परिषदेची गणपूर्ती होण्याचा संभव आहे.
कोणतंही कामकाज होणार नाही."
कुत्र्यांच्या परवान्याशेजारी जागा होती, तिथे लावलं.
पोस्टातली पोरं हसली.
डेलमरनं टोपी काढून ते दोनदा वाचलं,
आणि सुटू पाहणारी एक टाचणी
अंगठ्यानं आत दाबली.

आदल्याच रात्री दफनभूमीकडची पाइप फुटली होती.
थडग्यांपासून फाटकापर्यंत बर्फाची जीभ,
सगळे तिच्यावरून जपून चालत आलो.
खड्ड्यापाशी ऑरिन त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा.
डेलमरची नजर त्या बर्फावर गेली,
तोंड उघडलं.
ऑरिननं त्याची बाही धरली.
"गुरुवारी," म्हणाला.
पाळकांना वाटलं, प्रार्थनाच काहीतरी.

गुरुवार, सात वाजता. तिघे हजर. जनता: एक.
विषय चौथा, पाइप, नऊशे चाळीस डॉलर.
त्याआधी डेलमर उठला,
बसून बोलायची रीत असताना उठला.
"मार्लिस रोज रात्री विचारायची,
ऑरिन काय म्हणतो?
मी सांगायचो, गुरुवारी कळेल."
एवढंच. मग तो विषयपत्रिकेत
चौथा विषय शोधू लागला,
जो त्याच्या बोटाखालीच होता.

विल्माच्या सुया थांबल्या.
ऑरिन म्हणाला, "अनुमोदन."

ठराव कुणीच मांडला नव्हता.
नियमानं मी हे निदर्शनास आणून द्यायला हवं होतं.
इतिवृत्तात लिहिलं:
सात वाजून सहा मिनिटं. अनुमोदन: टोलेफसन.
कशाला, तो रकाना कोरा ठेवला.
पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम झालं,
कुणी दुरुस्ती सुचवली नाही.

पाइप मार्चमध्ये बसवली.
लायलनं विरोधात मत दिलं होतं.