तिसरा मालक

काळी गाडी, कोल्हापूर पासिंग. मी तिसरा मालक.
उद्यमबागेतल्या शेडमध्ये भावकाण्णा
बॉनेटवर बॅटरी तिरकी धरतो :
उजेडाभोवती गोल गोल कोळ्याचं जाळं.

"रंग कडक हाय. घाई चालत न्हाई."
मऊ पॅड हरतं. मग लोकरीचं.
वीत-दोन वीत जागा,
मशीन सावकाश, आडवं, उभं.
पालथा हात पत्र्यावर :
"थांब, तापूलालाय."

लाईट जाते.
शेजारच्या लेथवरचं कन्नड गाणं अर्ध्यात तुटतं.
चहा पिता पिता तो सांगतो,
"हे वैऱ्याचं काम न्हवं.
कुणीतरी रोज सकाळी मायेनं
कोरड्या फडक्यानं पुसलंया."

संध्याकाळी बॉनेटमध्ये ट्यूबलाईट सरळ दिसते.
दाराच्या कडीमागं, खोबणीत,
कुणाच्या तरी अंगठीचे ओरखडे.
"तिथं मशीन जात न्हाई."