हजेरीपट : कुंडलिका क्लब

वडिलांच्या अक्षरात अकरा नावं.
सालेह चाऊस, रखवालदार, पंचेचाळीस रुपये.
सायलस पाखरे, तेलवाला, चाळीस.
हिरामण खरात, गाठी वाहणे, चाळीस,
आणि पुढं पेन्सिलीनं, पुसट : डावा पाय.

खेळण्याचे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे
हे जालन्यात तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.
केवलचंदशेठ म्हणाले, जिनिंगच्या मजुरीत घाला.
म्हणून गोलकीपर रखवालदार झाला.
तसं ते खोटंही नव्हतं.

मैदान प्रेसच्या मागं. रेषांना चुना,
चुना संपला की रुई.
वारा सुटला की पेनल्टीची रेघ उठून बाभळीत जायची
आणि पंच तिच्या मागं.
बूट सात जोड. उरलेले चौघे अनवाणी,
पण पगारी.

सायलसची आई मिशनच्या दवाखान्यात दाई.
पहिल्या पगाराच्या नोटा तिनं उलटून पाहिल्या.
कामून दिले रं?
पळालो म्हणून.
कुणाच्या मागं?

दिवाळी ते होळी, एक हंगाम.
दुसरा संक्रांतीपर्यंतच.
सिकंदराबादवाल्यांशी एक-एक असताना
हिरामणचा डावा पाय जरा जास्तच लागला,
चेंडू भिंतीवरून कपाशीच्या गंजीत.
दोन्ही संघ कमरेइतके आत उतरले,
शिट्टी खिशात घालून पंचही.
दिवस मावळला. पाहुण्यांना गाडी गाठायची होती.
वहीत नोंद आहे : सामना अपूर्ण, चेंडूअभावी.

त्या साली एक गाठ काट्यावर जड भरली,
असं गावात अजून सांगतात.
वडील चिडायचे. अरे, जिनच्या रुळांतून
चेंडू जातो का कधी?

मार्चात हिशेब तपासायला औरंगाबादेहून कुणी चष्मेवाले आले.
बोट ठेवून म्हणाले, एका जिनला पाच रखवालदार?
शेठनी वडिलांकडं पाहिलं,
वडिलांनी दौतीकडं.

कुठंच काट मारलेली नाही.
एप्रिलपासून फक्त पेन्सिल थांबते.
शाईतली कामं मात्र चालू राहिली :
सायलसच्या बाहीला तेल लागलं,
हिरामणच्या पाठीवर गाठ आली,
आणि सालेह चाऊस
सव्वीस वर्षं फाटकावर.

मी शाळकरी असताना, दिवेलागणीला,
किल्ल्यांचा जुडगा मुद्दाम लांबून फेकायचो.
त्यानं तो कधीच एका हातानं झेलला नाही.
दोन्ही तळवे, छातीशी घट्ट,
आणि मग क्षणभर मान वर करून
कुणाला द्यावा, बघत उभा.