समासात

सोहारच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, अकरा नंबरला
एक म्हातारा कॅनेडियन होता.
तांब्याच्या खाणीसाठी आलेला. खाण बंद पडली, हा राहिला.
उशाशी दोन जाडजूड पुस्तकं, दोन्ही एकाच माणसावर:
त्यांच्या देशाचा कुणी माजी पंतप्रधान,
ज्याचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.

डोळे गेल्यातच जमा होते.
म्हणाला, सिस्टर, रात्री वाचशील जरा?
एक पान लालमधलं, मग एक निळ्यातलं.
नुसतं एकच वाचलं तर बाधतं.

लाल म्हणजे पोवाडा.
हे जन्मले तेव्हा नदीवरचा बर्फ तडकला म्हणे,
आई लोकांची धुणी धुवायची,
आणि गिरणीचा संप मिटला त्या रात्री
यांनी अंगातला कोट काढून
गेटवरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर टाकला.

निळं म्हणजे पंचनामा.
आईच्या नावावर चार घरं.
कोट दिला कुठला, विसरला होता गाडीत,
कुणाच्या, ते आम्ही सांगणार नाही, असं म्हणून
पुढचं दीड पान तेवढंच सांगितलेलं.

मला हसू फुटलं. मिरजेला आमच्याकडे
नगराध्यक्ष गेले तेव्हा सकाळच्या पेपरात 'आधारवड हरपला',
आणि दुपारी रसवंतीवर, उसाच्या चोथ्यासकट,
त्यांचा सगळा हिशेब.

मग बोट अडखळलं. समासात पेन्सिल.
त्याचंच अक्षर, डोळे होते तेव्हाचं.
लालमध्ये: खोटं.
निळ्यात: हेसुद्धा.
आणि खाली, मुंगीएवढं:
कोट नव्हताच. एप्रिल होता. गेटवर मी होतो.

तुम्ही?
मी. बावीस वर्षांचा. हात मिळवला त्याने माझ्याशी,
हात गरम होता.
मत मी दुसऱ्याला दिलं, ते सोड.

दुसऱ्या रात्री पुन्हा विचारलं तर म्हणाला,
कुडकुडत होतो गं, केवढा बर्फ पडत होता.
मी काही बोलले नाही. पान उलटलं.

माझंही काम लिहिण्याचंच आहे.
दर चार तासांनी: रुग्ण शांत. झोप बरी. तक्रार नाही.
त्या पहाटे त्याने सलाईनची सुई उपटली,
मला दोनदा कुणा एड्नाच्या नावाने हाक मारली,
आणि धुणं आत घे, आई, म्हणाला, भिजतंय सगळं.
बाहेर एकोणचाळीस अंश, खिडकीला धुळीचा थर.
चार्टवर रकाना दीड इंचाचा.
लिजी म्हणते, जास्त लिहिलंस की जास्त फॉर्म भरावे लागतात.
मी लिहिलं: शांत.

गुरुवारी गेला.
हॅलिफॅक्सहून मुलीचा फोन. तिच्याकडे अजून बुधवारच होता.
शेवटी त्रास झाला का त्यांना?
झोपेत गेले, मी म्हटलं.
माझा आवाज इतका मऊ होता
की लाल पुस्तकवाल्याने तो विकत घेतला असता.

सामानाची यादी: चष्मा एक. घड्याळ एक, बंद.
पुस्तकं दोन.
ती तुम्हीच ठेवा, मुलगी म्हणाली,
आमच्या घरात त्या माणसावरून फार भांडणं झाली.

आता ती माझ्या खोलीत, तांदळाच्या डब्यावर.
एसीचं पाणी बादलीत टपकतंय,
खाली बंदराकडे जाणारे ट्रेलर.
काल निळं उघडलं. कोटाच्या पानावर
त्याच्या ओळीखाली बोटभर कोरी जागा होती.
ड्यूटीचं पेन बाजूला ठेवलं,
पोराच्या कंपासातली पेन्सिल शोधली
आणि मराठीत लिहिलं:

तीन वाजता पाणी मागितलं.
बर्फ घालून.