प्रेषकाचा पत्ता

सिटी पोस्टात, तीन नंबरच्या खिडकीवर
सोनुबाई खुटवडांनी खोका ठेवला,
सुतळीनं असा आवळलेला, की आत
चकल्या नसून वासरू असावं.

पत्ता कॅलेंडरच्या मागच्या पानावर, नातवाच्या अक्षरात:
ओकम, रटलंड, इंग्लंड.
मी म्हटलं, मावशी, हा रटलंड नशीबवान.
मध्ये तेवीस वर्षं नव्हताच.
'नव्हता म्हंजी? गेला कुटं?'

कुठे नाही. जागच्या जागी होता.
मेंढ्या होत्या, चर्च होतं, बाजार भरत होता,
फक्त कारभार उचलून नेला
शेजारच्या लेस्टरशायरनं.
चौऱ्याहत्तर साल. वरून हुकूम:
एवढासा जिल्हा, आपल्या हवेली तालुक्यात तीनदा मावेल,
परवडत नाही.

तीस वर्षं पाकिटं वाचून झालेला माझा भूगोल
बाईंनी चष्मा पुसत ऐकला.
'आन् शायर म्हंजी? पवाडं म्हननारा?'
नाही हो. त्यांच्या जुन्या बोलीत
शायर म्हणजे नेमून दिलेला कारभार.
परगणाच म्हणा. राजाचा माणूस यायचा,
सारा गोळा करायचा, तंटे ऐकायचा.
'मंग आमचा भाऊसाहेबच की त्यो.'

रांगेत मागे कोणी खाकरलं.

कॉम्प्युटरनं विचारलं, प्रेषकाचा पत्ता.
मु. पो. निंबळेवाडी, त्या म्हणाल्या,
ता. हवेली, जि. पुणे.
मी पिनकोड टाकला. पडद्यावर आलं
पुणे शहर. उरलेलं गाव
रकान्यात बसेना.

मग त्यांनी सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे,
मेथीचा भाव सांगावा तसं.
शेवटच्या सरपंच त्याच.
महापालिकेची जीप आली बुधवारी,
कारकुनानं ओट्यावर बसून पंचनामा केला:
लोखंडी कपाटं दोन,
खुर्च्या चौदा, पैकी मोडक्या पाच,
कर्णा एक, दप्तराचे गठ्ठे एकोणतीस
(जन्म आणि मृत्यू वेगळे बांधलेले),
झेंड्याची काठी.
सही कुठं करू विचारलं, तर म्हणाला,
खाली माजी लिहा.
'आवो, आजून तर दुपार हुती.'

दिवे आले, ते खोटं नाही बोलायच्या.
गटारावर झाकण आलं.
घरपट्टी चौपट, पाणी टँकरचंच,
आणि अर्ज द्यायचा तर या हापिसातून त्या हापिसात.
प्रभाग म्हणजे चार गावांचं पिठलं,
कुणाच्या विहिरीचं पाणी कुणाच्या पिठात
वळखू येत न्हाई.

'तेवीस वर्सांनी दिला परत? भांडलं का कुनी?'
भांडले. आणि पत्त्यात नाव लिहीतच राहिले.
सरकारनं जिल्हा परत दिला, तरी
तिकडच्या टपालखात्यानं मानायला
आणखी दहा वर्षं लावली.
आम्ही टपालवाले असेच.

त्यांनी बोटांवर मोजलं.
एक्काहत्तर आणि तेवीस.
बेरीज सांगितली नाही.

पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून
लाकडी मुठीचा गोल शिक्का,
पंचनाम्यात नसलेला.
मी इकडेतिकडे पाहिलं.
मग शाईचं पॅड
दोन बोटं पुढे सरकवलं.

खोक्यावर उमटलं: ग्रामपंचायत निंबळेवाडी,
'वा'चा काना जरा तुटका.
त्यावर, अर्धा चढवून,
मी तारखेचा ठोका दिला.

'वजान किती भरलं?'
दोन किलो चारशे.
'चकल्या तर दोनच किलो हुत्या.'
बाकीची सुतळी, मावशी.
हं, पुढचे.